धागा: तीस हजारांत प्रोग्रॅमिंगसाठी लॅपटॉप हवा, त्यावर लिनक्स चालवायचंय (तासगाव–सांगली)

बेदाणा_शेड
नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात माझी पावणेदोन एकर द्राक्षबाग आहे. थोरली मुलगी यंदा सांगलीत बी.एस्सी. कॉम्प्युटरला लागली. सी आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा सुरू झाल्यात. कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोजऐवजी लिनक्स, त्यातलं उबंटू आहे, पण तिथं आठवड्यातून दोनदाच मशीन मिळतं, बाकी सगळं ती मोबाईलवर करायला बघते. परवा जेवणं झाल्यावर बघितलं तर मोबाईलवर बोटानं प्रोग्रॅम टाईप करत बसली होती. एक महिरपी कंस टाकायला कीबोर्डचं पान दोनदा बदलावं लागतं. अर्ध्या तासात दहा ओळी झाल्या. त्याच रात्री ठरवलं, लॅपटॉप घ्यायचा.

बेदाण्याचे पैसे आलेत, त्यातले तीस हजार बाजूला काढलेत. त्याच्या वर जाता येणार नाही, धाकट्याची फी भरायचीय. मुलगी म्हणते लिनक्सच पाहिजे. सांगलीत दोन दुकानं फिरलो. एकानं एकोणीस हजारांचा नवाकोरा दाखवला, पातळ, दिसायला देखणा. लिनक्सचं विचारलं तर म्हणाला, "ते टाकलं की वॉरंटी जाते." खरं आहे का हे? दुसरीकडं कुणीतरी म्हणालं सेकंड हँड घ्या. घरचे म्हणतात जुनं घेऊ नको. मला यातलं कळत नाही, म्हणून विचारतोय.

कृष्णाकाठ
दादा, त्या एकोणीस हजारांच्या लॅपटॉपचा प्रोसेसर, रॅम आणि स्टोरेज काय होतं? बिलावर किंवा खोक्याच्या बाजूच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

बेदाणा_शेड
मुलीनं फोटो काढून आणलाय. सेलेरॉन एन४०२०, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी.

कृष्णाकाठ
मग तो घेऊ नका. कारण सांगतो.

एन४०२० मध्ये दोनच कोअर आहेत, कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा एकेक भाग. ईएमएमसी म्हणजे मोबाईलमध्ये असते तसली, बोर्डावर चिकटवलेली मेमरी. ती एसएसडी नावाच्या वेगवान डिस्कपेक्षा बरीच हळू आणि उद्या भरली किंवा बिघडली तर काढून दुसरी बसवता येत नाही. या दर्जाच्या मशीनमध्ये ४ जीबी रॅमही बहुतेक वेळा बोर्डालाच सोल्डर केलेली असते. लिनक्स हलकं असतं हे खरं, पण ब्राउझर हलका नसतो. एका बाजूला एडिटर, दुसऱ्या बाजूला पाच-सहा टॅब आणि शिकवणीचा व्हिडिओ, एवढ्यात ४ जीबी संपते. पोरगी वर्षभरात कंटाळेल, आणि आपल्यालाच जमत नाही असं तिला वाटायला लागेल. मशीनचा दोष माणसानं स्वतःवर घेणं हे मी फार बघितलंय.

वॉरंटीचं म्हणाल तर ऑपरेटिंग सिस्टीम बदलली म्हणून हार्डवेअरची वॉरंटी सहसा जात नाही. सॉफ्टवेअरच्या अडचणीला कंपनी उत्तर देत नाही, एवढंच. तरी ज्या मॉडेलचं बोलणं चाललंय त्याच्या वॉरंटीचा कागद वाचून घ्या.

माझा सल्ला: मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसातून तीन-चार वर्षं वापरून परत आलेले बिझनेस लॅपटॉप असतात, ते बघा. लेनोवोचे थिंकपॅड टी मालिकेतले, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ८४०. प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा. हा आकडा सहज सांगत नाही. सातव्या पिढीपर्यंत लॅपटॉपच्या यू (कमी वीज खाणाऱ्या) मालिकेतल्या आय५ ला दोनच कोअर असायचे. २०१७ मध्ये आठवी पिढी आली आणि त्याच आय५ ला चार कोअर आणि आठ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे आठ धागे, झाले. कोड कंपाईल करताना, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवताना, हा फरक रोज जाणवतो.

आणखी एक. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ सातव्या पिढीच्या जवळपास सगळ्या मशीनना नाकारतं. त्यामुळं सहाव्या-सातव्या पिढीचा माल बाजारात स्वस्तात पडलाय. लिनक्सला त्याची अडचण नाही, मशीन उत्तम चालतं. पण दोन-तीन हजारांचाच फरक असेल तर आठवी पिढीच घ्या.

विश्रामबाग_०२३३
मी थर्ड इयरला आहे, इंजिनिअरिंगला. माझं मत वेगळं आहे. काकांना यातलं कळत नाही असं ते स्वतःच सांगतायत. अशा माणसाला सेकंड हँड बाजारात पाठवायचं म्हणजे फसायची शक्यता जास्त. नवीन घेतला तर निदान एक वर्ष तरी निश्चिंती. बाराव्या पिढीचा आय३ (१२१५यू) मिळाला तर त्यात सहा कोअर आहेत, आठव्या पिढीच्या आय५ पेक्षा वेगवान आहे आणि बॅटरी नवी. थोडे पैसे वाढवून तसा घ्यावा. माझ्या रूममेटनं कुठूनतरी जुना घेतला, चार महिन्यांत मदरबोर्ड गेला, दुकानदारानं हात वर केले. त्याचे बावीस हजार बुडाले, घरी सांगायलाही तो घाबरत होता.

कृष्णाकाठ
तुझं म्हणणं रास्त आहे, आणि १२१५यू वेगवान आहे हेही बरोबर. पण दादांनी आकडा सांगितलाय आणि कारणही सांगितलंय. "थोडे वाढवा" म्हणून आपण तीसचे अडतीस करतो, मग ते हप्त्यावर जातं. शिवाय त्या किमतीत ८ जीबी रॅम मिळते, आणि काही मॉडेलांत ती वाढवायला जागाच नसते. तुझ्या रूममेटची गोष्ट मात्र दादांनी लक्षात ठेवावी: पावती, निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी आणि दुकान जाता येईल इतक्या अंतरावर. या तिन्हीतलं एक जरी नसलं तरी परत फिरायचं.

रिपेअर_टेबल
मी सांगलीत लॅपटॉप दुरुस्तीच करतो, पंधरा वर्षं झाली. टेबलावर रोज काय येतं ते सांगतो.

सगळ्यात जास्त येतात त्या तुटलेल्या हिंजा, म्हणजे झाकणाच्या बिजागऱ्या. स्वस्तातल्या नव्या मशीनमध्ये हिंजेचा स्क्रू पितळेच्या बारीक नटात बसतो आणि तो नट प्लास्टिकमध्ये दाबून बसवलेला असतो. दोन वर्षं झाकण उघड-मीट केलं की प्लास्टिक फुटतं, नट उपसून येतो, स्क्रीन उचलली की खालची बॉडी फाकते. एम-सील लावून देतो आम्ही, पण ते किती टिकणार? बिझनेस मॉडेलची बॉडी दणकट असते, पार्ट मिळतात, आणि खालचं झाकण उघडलं की रॅम, एसएसडी, बॅटरी सगळं हाताशी येतं.

मॉडेलची नावं घेतो: थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९०, एलिटबुक ८४० जी५. तिन्ही आठव्या पिढीत मिळतात, तिन्हीत रॅमचे दोन स्लॉट आहेत. टी४९० मध्ये एक रॅम बोर्डालाच सोल्डर असते आणि एकच स्लॉट, तेवढं ध्यानात ठेवा. एक्स१ कार्बन हलका आणि देखणा आहे पण त्याची सगळीच रॅम सोल्डर, ८ जीबीचा घेतला तर कायम ८ जीबीच.

आता बघायचं काय. लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवा आणि टचपॅडच्या कडेवरून बोट फिरवा. टचपॅड किंचित वर आलेलं असेल तर खाली बॅटरी फुगलीय. स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान उघडा आणि खोलीतला दिवा घालवा, दाबाचे पांढरे डाग असतील तर तेव्हाच दिसतात. चार्जरची पिन लावून हलवा, चार्जिंगची खूण लुकलुकली तर सोडून द्या. कीबोर्डची एकूण एक कळ दाबून बघा, प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला कंस, अर्धविराम आणि स्लॅश दिवसभर लागतात. वरून नवीन दिसणाऱ्या बॉडीवर जाऊ नका, तिच्यावर स्किन चिकटवलेली असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून बघा. थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. पासवर्ड मागितला तर तिथंच नमस्कार करून बाहेर पडा. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड आतला छोटा सेल काढून जात नाही. दुकानदार म्हणेल "काढून देतो", त्याच्यावर विसंबू नका.

बेदाणा_शेड
हे वाचून एक गोष्ट मला लगेच कळली. आमच्याकडं बेदाण्याच्या सौद्यात बॉक्सच्या वरचा थर बघून कुणी भाव बोलत नाही. हात खाली घालून मूठभर वर काढतात, रंग, देठ, चिकटपणा बघतात. म्हणजे इथंही हात खाली घालायचा. पण मला लिनक्स चालेल का नाही हे दुकानात कसं कळणार?

अजिंक्यतारा
सातारहून लिहितोय, कॉम्प्युटर शिकवतो. दादा, त्याला फार सोपा उपाय आहे. ८ जीबीचा पेन ड्राईव्ह घ्या, त्यावर लिनक्स मिंटची किंवा उबंटूची आयएसओ फाईल, म्हणजे अख्खी सिस्टीम भरलेली एक फाईल, चढवून घ्या. मुलीच्या लॅबमधल्या सरांना सांगितलं तर दहा मिनिटांत करून देतील. दुकानात लॅपटॉप चालू करताना लेनोवो आणि डेलला एफ१२, एचपीला एफ९ दाबायचं आणि यादीतून पेन ड्राईव्ह निवडायचा. लिनक्स थेट पेन ड्राईव्हवरून चालू होतं, आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. मग वाय-फाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसच्या कळा, झाकण मिटून उघडल्यावर जागं होतंय का, सगळं तिथंच तपासा. दुकानदारानं पेन ड्राईव्ह लावू दिला नाही तर ते दुकान आपलं नव्हे.

दोन ठिकाणी लिनक्सवर हमखास अडतं: बोटाचा ठसा वाचणारं सेन्सर आणि काही कंपन्यांच्या वाय-फाय चिप. ठसा सोडून द्या, त्याविना काही अडत नाही. वाय-फाय इंटेलचं असेल तर डोळे झाकून चालतं. एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला मुद्दाम घेऊ नका, या अभ्यासाला ते लागत नाही आणि ड्रायव्हरचा व्याप वाढतो.

डिस्ट्रोचं, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या अवतारांचं, सांगतो. मिंट २२ हे उबंटू २४.०४ वरच उभारलेलं आहे, त्यामुळं लॅबमध्ये शिकलेली जवळपास प्रत्येक कमांड घरी तशीच चालेल, आणि त्याला एप्रिल २०२९ पर्यंत सपोर्ट आहे. डेबियन १३ सुद्धा उत्तम. २०२३ च्या डेबियन १२ पासून वाय-फायची कोड उघड नसलेली फर्मवेअर (चिप चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) मूळ इन्स्टॉलरमध्येच येतात, त्याआधी नवख्याचं तिथंच अडायचं. रोज काहीतरी नवं बदलणारी डिस्ट्रो पहिल्या वर्षाला घेऊ नये. परीक्षेच्या आदल्या रात्री अपडेटनं घोळ घातला तर पोरीनं कुणाला उठवायचं?

शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे आहेत. लिनक्स, सी, पायथन, बरंच काही मराठीतून ऐकता येतं, फुकट, आणि फाईल उतरवून इंटरनेटशिवायही बघता येतात. गावाकडं रेंजचा भरवसा नसतो, म्हणून मुद्दाम सांगतो.

एवढं मात्र विचारून घ्या: कॉलेजची एखादी ऑनलाईन परीक्षा फक्त विंडोजवरच चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधून होते का. तसं असेल तर ती लॅबमध्ये देता येईल का, हे आधीच ठरवून ठेवा.

कवठेएकंदची_लेक
दादा, मी तुमच्याच तालुक्यातली. आता पुण्यात प्रोग्रॅमर आहे. माझ्या वडिलांनी मला जुना थिंकपॅड घेऊन दिला तेव्हा भावकीतले म्हणाले होते, पोरीला एवढ्याचं काय करायचंय, मोबाईल आहे की. त्या मशीनवर मी चार वर्षं काढली. पहिली नोकरी लागली तो कोडही त्याच्यावरच लिहिला. म्हणून तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही.

माझ्या अनुभवातून सांगते. स्क्रीन १९२० बाय १०८० चीच घ्या. १३६६ बाय ७६८ मध्ये कोड आणि त्याचं उत्तर शेजारीशेजारी मावत नाही, सारखं वर-खाली करून डोळे दुखतात. रॅम १६ जीबी आधीच घातलेली मिळाली तर तीच बघा, सध्या रॅमचे भाव चढलेत, नंतर घालायला जाल तर महागात पडेल. ८ जीबीच्या दोन पट्ट्या असतील तर आणखी चांगलं, ग्राफिक्सला फायदा होतो. पुढं अँड्रॉइड शिकायचं झालं तर एम्युलेटरला, म्हणजे लॅपटॉपवर चालणाऱ्या नकली मोबाईलला, १६ जीबी लागणारच. डिस्क २५६ जीबीची पुरते.

आणि दुकानात मुलीला घेऊन जा. कीबोर्डवर तिची बोटं बसली पाहिजेत. टाईप तिला करायचंय.

विश्रामबाग_०२३३
हे सगळं तपासून घेणार असतील तर माझी हरकत नाही. काका, मी यायला तयार आहे तुमच्याबरोबर. रविवारी मोकळा असतो.

बेदाणा_शेड
लई उपकार झाले सगळ्यांचे. काल जाऊन आलो. मुलगी, मी आणि विश्रामबागचा हा पोरगा. काय घडलं ते सविस्तर लिहितो, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल.

पहिल्या दुकानात सतरा हजारांचा एक होता, आरशासारखा चकचकीत. बायोसमध्ये शिरायला गेलो तर पासवर्ड. दुकानदार म्हणाला, तुम्हाला बायोसचं काय करायचंय. उठलो.

दुसऱ्या दुकानात टी४८० होता. आय५, १६ जीबी, दोन पट्ट्यांत. एसएसडी २५६ जीबी. कोपऱ्याला रंग उडालेला, झाकणावर स्टिकर काढल्याचा चौकोनी डाग. भाव पंचवीस हजार. पेन ड्राईव्ह लावू का विचारलं, तर म्हणाला लावा की, त्याला काय झालंय. मुलीनं एफ१२ दाबलं. मिनिटभरात मिंटचा हिरवा शिक्का आला. वाय-फाय इंटेलचं, लगेच दुकानाचं नेटवर्क दिसलं. आवाज, कॅमेरा ठीक. झाकण मिटवलं, उघडलं, जागं झालं. दिवा घालवून पांढरं पान बघितलं, खालच्या डाव्या कोपऱ्यात एक फिका डाग आहे, कामाला आडवा येत नाही.

मग या पोरानं काळी खिडकी उघडून बॅटरीचा हिशोब काढला. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागं काढता-घालता येणारी. आतलीची मूळ क्षमता २४ वॅट-अवर, आता १७.५. बाहेरचीची मूळ २४, आता फक्त ११. ते आकडे दुकानदारासमोर ठेवले. पहिली त्र्याहत्तर टक्के राहिलीय, दुसरी निम्म्याखाली गेलीय. तो म्हणाला, असं कुणी बघत नाही. मी म्हटलं, आम्ही बघतो. दीड हजार कमी केले. साडेतेवीस हजार, पक्की पावती, सहा महिन्यांची वॉरंटी पावतीवरच लिहून सही-शिक्का.

सगळं होईपर्यंत मुलगी खुर्चीत बसून टाईपच करत होती. कळा दाबून बघायच्या म्हणून बसली आणि पायथनमध्ये बे ते दहाचे पाढे छापून दाखवले तिनं. दुकानदाराचा पोऱ्या बघत उभा राहिला.

उरलेल्या साडेसहा हजारांत बाहेरची बॅटरी नवी घ्यावी का? आमच्याकडं संध्याकाळी लाईटचा नेम नसतो.

रिपेअर_टेबल
मस्त मशीन घेतलंत. घ्या, बाहेरची बॅटरी नवीच घ्या. ४८ किंवा ७२ वॅट-अवरची मोठी मिळते. या मोठ्या बॅटऱ्या जरा खाली फुगीर येतात, त्यानं लॅपटॉप मागून किंचित उचलला जातो. आतली बॅटरी चालू असताना बाहेरची काढून दुसरी लावता येते, मशीन बंद करावं लागत नाही. जुनी टाकू नका, तासभराची सोय होईल. फार स्वस्तातली बिनानावाची घेऊ नका, त्यांवर लिहिलेली क्षमता निघत नाही.

कृष्णाकाठ
एक काम आजच करा. टी४८० च्या थंडरबोल्टचं, म्हणजे यूएसबी-सी पोर्ट सांभाळणाऱ्या चिपचं, फर्मवेअर जुनं असेल तर काही काळानं यूएसबी-सी पोर्ट चालेनासा होऊ शकतो. लेनोवोनंच त्यासाठी दुरुस्तीचं अपडेट काढलेलं आहे. मिंटमध्ये एफडब्ल्यूअपडी नावाची सोय आहे, तिच्यातून बायोस आणि फर्मवेअरची अपडेट येतात. थंडरबोल्टचं तिथं दिसलं नाही तर लेनोवोच्या साईटवरून करावं लागेल. चार्जर लावलेला असू द्या आणि लाईट जायची वेळ टाळा, सकाळी करा.

इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय येईल. करायला हरकत नाही, पण पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा. तो विसरला तर डेटा कुणालाही परत काढता येत नाही.

बेदाणा_शेडची_पोर
नमस्कार. बाबांच्या धाग्यावर पहिल्यांदाच लिहितेय. सगळ्या दादांचे, ताईंचे आणि सरांचे मनापासून आभार.

मिंट टाकलं, फर्मवेअर सकाळी सातला अपडेट केलं, नीट झालं. जीसीसी (सी चा कंपायलर) आणि पायथन चालू आहे. लॅबमधला प्रोग्रॅम घरी तसाच्या तसा चालला तेव्हा फार बरं वाटलं. बाबांच्या औषध फवारणीची वही असते, तारीख, औषध, प्रमाण, कोणता प्लॉट. ती मी एका फाईलमध्ये घालतेय, म्हणजे काढणीआधी किती दिवस फवारणी थांबलीय हे लगेच कळेल. त्यातच एक अडचण आली. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डनं टाईप होतं, एडिटरमध्ये "द्राक्ष" नीट दिसतं, पण टर्मिनलमध्ये (कमांड द्यायची ती काळी खिडकी) छापलं की अक्षरं तुटून वेगवेगळी दिसतात. माझा कोड चुकतोय का?

कवठेएकंदची_लेक
नाही गं, तुझा कोड बरोबर आहे. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक मापाचं घर देतं. आपली जोडाक्षरं तीन-चार चिन्हं मिळून एक आकार होतात, त्या घरांत ती मावत नाहीत. फाईलमधली अक्षरं शाबूत आहेत. उत्तर टर्मिनलवर छापण्याऐवजी यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरं जपणारी पद्धत) एचटीएमएल, म्हणजे वेबपानाच्या, फाईलीत लिही आणि ब्राउझरमध्ये उघड. बाबांनाही ते मोठ्या अक्षरात वाचता येईल.

बेदाणा_शेडची_पोर
केलं ताई. "द्राक्ष" नीट दिसतंय. बाबांनी एका प्लॉटची तारीख चुकलीय म्हणून दाखवलं, ती दुरुस्त करतेय.